जुनी आहे, गळणारच

जुन्या मोटारसायकलींच्या मेळाव्यात रांगेने उभ्या केलेल्या गाड्या पाहताना बघ्यांची नजर आधी टाकीवर जाते, मग दिव्याच्या चकचकीत कड्यावर, मग सायलेन्सरवर. माझी नजर अलीकडे जमिनीवर जाते. दर तीन-चार गाड्यांमागे एखाद्या गाडीखाली पुठ्ठ्याचा तुकडा, वर्तमानपत्राची घडी किंवा पत्र्याची ताटली सरकवलेली असते आणि तिच्यावर एक ओला डाग हळूहळू पसरत असतो. मालकाला विचारावे तर तो हसून म्हणतो, ‘जुनी आहे, गळणारच.’ आजोबांच्या खोकल्याविषयी बोलावे तशा कौतुकाने हे वाक्य उच्चारले जाते, आणि ऐकणाराही तितक्याच कौतुकाने मान डोलावतो.

या वाक्याशी माझे भांडण आहे. ते खोटे आहे, हे त्याचे पहिले कारण. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ती गाडी गळत नव्हती. गळावी अशा बेताने कोणी ती आखलीही नव्हती. कागद, बूच आणि रबर यांना वय होते हे खरे, पण ते बदलण्यासाठीच घातलेले असतात. त्यांच्या वयाचे खापर सबंध यंत्राच्या माथी फोडणे म्हणजे वहाणेचा अंगठा तुटला म्हणून पायाला दोष देण्यासारखे आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. हे वाक्य एकदा मान्य केले की शोध थांबतो. आणि माझा अनुभव असा की, जुन्या गाडीची बहुतेक गळती तिच्या वयातून आलेली नसते. आधी कोणीतरी केलेल्या दुरुस्तीतून आलेली असते.

इथे इंजिनाच्या तेलाचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. बुलेटच्या तेलाविषयी पुष्कळ विनोद आहेत, ते तसेच राहोत. मी बोलतो आहे पेट्रोलविषयी, म्हणजे कार्बुरेटरविषयी.

माझ्याकडे १९६५ सालची बुलेट ३५० आहे. १९५५ साली इंग्लंडातल्या रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून मद्रासमध्ये ही गाडी बांधायला सुरुवात केली. पुढे मूळ इंग्रजी कंपनी बंद पडली आणि मद्रासची शाखाच खोड झाली, ही कथा सर्वज्ञात आहे. माझ्या गाडीवर ‘अमल मोनोब्लॉक’ जातीचा कार्बुरेटर आहे. अमल हे नाव ‘अमाल्गमेटेड’ या शब्दावरून आले. १९२७ साली तीन इंग्रजी कार्बुरेटर-उत्पादक एकत्र झाले त्यातून ही कंपनी निघाली. मोनोब्लॉक अशासाठी की, जुन्या अमलमध्ये पेट्रोल साठवणारी वाटी वेगळी असे आणि ती बोल्टाने जोडावी लागे. या नव्या घडणीत वाटी आणि हवा-पेट्रोल मिसळण्याची नळी एकाच ओतीवात आली. एक जोड कमी झाला, म्हणजे गळण्याची एक जागा कमी झाली. गळती ही कार्बुरेटरची नियती आहे असे त्याच्या कर्त्यांना वाटत नव्हते, याचा याहून सरळ पुरावा कोणता?

तरीही जोड उरतातच. टाकीखालच्या कॉकचा एक. तिथून येणारी नळी कार्बुरेटरच्या डोक्यावर जिथे पोकळ बोल्टाने बसते, तिथे वर-खाली दोन फायबरचे वायसर. त्याच्या आत सुईची बैठक, तिचा एक वायसर. वाटीच्या बाजूचे गोल झाकण, त्यावर तीन स्क्रू आणि आत कागदाचे पॅकिंग. तळाशी जेटवरचा मोठा नट, त्याचा वायसर. आणि शेवटी, सबंध कार्बुरेटर इंजिनाच्या हेडला जिथे दोन नटांनी बसतो तो चपटा कान, म्हणजे फ्लँज. (कोशात गास्केट असेल, गॅरेजात त्याला पॅकिंगच म्हणतात. तो शब्द मला अधिक आवडतो, कारण दोन कठीण गोष्टींमध्ये मऊ काहीतरी भरून ठेवण्याचे काम त्यात ऐकू येते.)

माझ्या गाडीचे पेट्रोल तळाच्या नटावरून ठिपकत असे. दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब. सकाळी कॉक उघडा राहिलेला आढळला की फरशीवर मोठा डाग आणि घरात दिवसभर वास. अर्थातच मी तळाचा नट आवळला. थेंब थांबला नाही, म्हणून आणखी आवळला. मग शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने लांब दांड्याचा पाना लावून माझ्याहून जोरात आवळला, आणि आटे गेले. जस्ताच्या मिश्रधातूची ती ओतीव वस्तू. तिच्यावर पोलादी पान्याने जोर करणे म्हणजे खडूवर हातोडी मारणे. मग आटे गेलेल्या नटाभोवती त्याने ट्यूबमधले सिलिकॉन फासले आणि ‘आता गळणार नाही’ असे आश्वासन दिले. आठवडाभर गळले नाही. नंतर पेट्रोलने ते सिलिकॉन फुगले, मऊ पडले, आणि त्याचा आत गेलेला एक कण जेटच्या भोकात अडकून गाडी भर बाजारात बंद पडली. त्या मुलाला मी फारसा दोष देत नाही. थेंब जिथे दिसतो तिथेच उपाय करायचा, हे मी त्याच्याआधी केलेच होते.

पेट्रोल हा फार पातळ पदार्थ आहे. वरच्या कुठल्याही जोडातून ते केसभर फटीतून पाझरले की धातूच्या अंगावरून न दिसता उतरते आणि सर्वांत खालच्या टोकाशी गोळा होते. तळाचा नट हे ते टोक. म्हणजे थेंब तिथे पडत होता एवढेच. गळत दुसरीकडेच होते. आमच्या शिक्षणक्षेत्रातही ‘गळती’ हा शब्द आहे. दहावी-बारावीच्या वर्गात पटावरची नावे कमी होतात तेव्हा त्या वर्गाच्या शिक्षकाला नोटीस येते. मूल चौथीत वाचायला शिकले नव्हते याची चौकशी कोणी करत नाही. असो.

हे मला कळले ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे. एका ओळखीच्याने पत्ता दिला म्हणून गेलो होतो. मी तळाच्या नटाचे रामायण सांगायला लागलो तेव्हा ते म्हणाले, ‘सर, आवळून गळायचं थांबतंय व्हय? थांबलं असतं तर आमचं दुकान कशाला चाललं असतं?’ मग त्यांनी विचारले, ‘कॉलेजात शिकवताय न्हवं? खिशात खडू हाय का?’ खडू नव्हता. त्यांनीच फळीवरून एक काढला. कार्बुरेटर बाहेरून चिंधीने कोरडा केला, खडू कानशीने घासून त्याची पूड सगळीकडे भुरभुरवली, कॉक उघडला आणि स्टूल ओढून बसले. इंजिन बंद. मीही बसलो. दोन-तीन मिनिटे काहीच झाले नाही. मग डोक्यावरच्या पोकळ बोल्टाशी पांढऱ्या पुडीवर मुंगीएवढा एक करडा ठिपका उमटला, लांबट झाला आणि एक बारीक करडी रेघ होऊन वाटीच्या अंगावरून खाली निघाली. थोड्या वेळाने दुसरा ठिपका उमटला तो बाजूच्या झाकणाच्या खालच्या कडेला. तळाचा नट अजून पांढराच होता.

त्या दोन-तीन मिनिटांइतके काटेकोर वाचन मी वर्गात फार वेळा केले आहे असे म्हणता येणार नाही. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की, हाती असलेल्या पोथीत अशुद्ध शब्द दिसला की तो तिथेच दुरुस्त करून टाकायचा मोह आवरावा. ती चूक कोणत्या नकलेतून खाली आली हे आधी पाहावे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, म्हणजे तीन शतकांत नकलाकारांनी जे मिसळले होते ते वेगळे काढण्याचा प्रयत्न केला. नकलाकाराचा हेतू वाईट नसतोच. त्याला ओळ अडते, तो ती ‘सुधारतो’. जुन्या मोटारसायकलीवर साठ वर्षांत असे किती नकलाकार हात फिरवून गेलेले असतात! माझ्या कार्बुरेटरच्या डोक्यावरच्या बोल्टाखाली एका वायसरऐवजी दोन वायसर एकावर एक घातलेले निघाले, पैकी एक तांब्याचा, दुसरा फायबरचा. कोणाच्या तरी हाताशी जाड वायसर नसावा. तांब्याचा वायसर वापरून कठीण झालेला असतो. तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो आणि चालतो. फायबरच्या वायसरला मात्र हा पुनर्जन्म नाही. एकदा सुकून कडक झाला की तो फेकायचाच. या दोहोंतला फरक ज्याने ओळखला नाही, त्याच्या हातून ती गळती सुरू झाली होती.

झाकणाचे पॅकिंगही मूळचे नव्हते. लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कातरलेले होते. आतल्या बाजूला सोनेरी शाईचा एक तुकडा दिसत होता. कोणत्या कागदाचे पॅकिंग करावे याविषयी आमच्या वाङ्मयीन वर्तुळात एक संदर्भ हमखास निघतो. रॉबर्ट पिर्सिगचे १९७४ सालचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ आमच्या पिढीने विद्यार्थिदशेत वाचले आणि ‘गुणवत्ता’ या शब्दावर तासन्‌तास बोलून घेतले. त्यात एक प्रसंग आहे. निवेदकाच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल घसरत असते, आणि निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घाल. मित्र दुखावतो, एवढ्या भारी गाडीला बिअरचा डबा! या प्रसंगाचा अर्थ आम्ही लावला तो असा की, साधेपणा श्रेष्ठ, जुगाड श्रेष्ठ. परंतु निवेदक ती पट्टी सुचवतो ती स्वस्त म्हणून नव्हे. तो पत्रा मऊ आहे, चिवट आहे, दमट हवेत गंजत नाही, म्हणजे त्या कामाला तोच योग्य पदार्थ आहे, असा त्याचा हिशेब आहे. लग्नपत्रिकेचा कागद पेट्रोलमध्ये भिजून लगदा होतो. तोही जुगाडच, पण त्यामागे पदार्थाचा विचार नाही. दोन्हींना एकच कौतुकाचा शब्द लावणे हा आमचा, म्हणजे पुस्तके वाचणाऱ्यांचा, आळस आहे.

मिस्त्रींनी पॅकिंगचा खरा कागद काढला. तेला-पेट्रोलला टिकणारा, किंचित दाबला जाणारा. झाकणाची वाटी त्यावर धरली नाही की पेन्सिलीने आखणी केली नाही. कागद थेट वाटीच्या तोंडावर ठेवला आणि गोल डोक्याच्या लहान हातोडीने कडेकडेने हलके टक-टक ठोकत गेले. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला गेला. स्क्रूच्या भोकांवर छोटी पोलादी गोळी ठेवून एकेक ठोका. पाच मिनिटांत असे पॅकिंग तयार झाले की ते त्या वाटीखेरीज दुसऱ्या कशाला बसले नसते. बाजारात तयार संच मिळतात, तेही वापरावेत, माझी काही हरकत नाही. पण अशा एका कागदासाठी मी आधी दोन महिने परगावच्या दुकानांना फोन करत होतो, हे सांगायला मला लाज वाटते.

पॅकिंगच्या कामाचे तत्त्व त्या दिवशी मला नीट समजले. पॅकिंग भोक बुजवत नाही. दोन सपाट पृष्ठभागांत जी बारीक खडबड उरते तेवढी ते भरून काढते, आणि तेही दाब सगळीकडे सारखा असेल तरच. म्हणून पृष्ठभागच वाकला असेल तर जगातले कोणतेही पॅकिंग उपयोगी पडत नाही. आणि पृष्ठभाग वाकतो कशाने? आवळण्याने.

इथे मी फ्लँजकडे वळतो, कारण खरी मौज तिथे आहे आणि खरा धोकाही तिथेच. कार्बुरेटर हेडला दोन नटांनी बसतो, एक या कडेला आणि एक त्या कडेला. मध्ये गोल भोक, ज्यातून हवा आणि पेट्रोलचे मिश्रण इंजिनात ओढले जाते. गाडी नीट चालेना की मिस्त्री दोन्ही नट आवळतो. फ्लँजचे दोन्ही कान हेडकडे ओढले जातात आणि मधला भाग, केसभर का होईना, मागे उचलला जातो. धनुष्याला दोर चढवावा तसे. आता भोकाभोवती फट पडली. मग कोणीतरी शहाणा सांगतो, पॅकिंग जाड घाल. जाड पॅकिंगमुळे कानांना वाकायला आणखी जागा मिळते. पुन्हा आवळले की धनुष्य अधिक ताणले जाते. दुरुस्तीगणिक दुखणे वाढत जाते, आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती करणाऱ्याला वाटते की आपण पुरेसे आवळले नाही.

ही गळती मात्र जमिनीवर पडत नाही. इंजिन आत ओढत असते, त्यामुळे त्या फटीतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन मंद गतीला ठरत नाही. कधी चढते, कधी मरते. गॅस सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. आणि पेट्रोल कमी पडल्यामुळे ते प्रमाणाबाहेर तापते. दोन-स्ट्रोक गाड्यांत, म्हणजे जावा, येझदी, राजदूतमध्ये, तर पेट्रोलबरोबरच तेलही जात असल्यामुळे पिस्टन पकडण्यापर्यंत वेळ येते. खाली ताटली ठेवून कौतुक करावे असे इथे काही दिसत नाही, म्हणून या गळतीविषयी कोणी बोलतही नाही. माझ्या गाडीचा मंद गतीचा स्क्रू मी वर्षभर फिरवत होतो. बिघाड त्या स्क्रूत नव्हताच. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून फ्लँजच्या कडेला तेलाच्या डबीने दोन थेंब सोडले. क्षणभर फट बुजली आणि इंजिनाचा सूर बदलला. एवढेच निदान.

पुढचे काम त्यांनी माझ्याकडूनच करवून घेतले. जाड काचेचा एक तुकडा, त्यावर बारीक पॉलिश पेपर, वर थोडे रॉकेल. फ्लँजवर आधी मार्करने आडव्या रेघा मारल्या. मग तो कागदावर सपाट धरून आठाच्या आकड्यात फिरवायचा. (इंग्रजी आठाच्या. मराठी आठ काढून भागत नाही, हे मी करून पाहिले.) दहा-बारा फेऱ्यांनी उलटून बघितले तर दोन्ही कानांवरच्या रेघा पुसल्या होत्या आणि भोकाभोवतीच्या जशाच्या तशा होत्या. वाकलेपणाचा एवढा स्वच्छ नकाशा मी पाहिला नव्हता. मनगट दुखेपर्यंत घासत राहिलो. शेवटची रेघ पुसली गेली तेव्हा पाऊण तास झाला होता. मग मिस्त्रींनी पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले, मला पाहायला लावले. पट्टीखालून उजेड येत नव्हता.

बसवताना ते दोनच गोष्टी बोलले. नट आळीपाळीने, थोडे-थोडे. आणि पाना तोकडा धरायचा, दांड्याच्या टोकाशी नाही. हाताला जेवढे लागते तेवढे पुरे.

आता कोणी म्हणेल, चार थेंबांसाठी एवढे पुराण कशाला? तर पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेहून जड असते. ती उडून जात नाही. गाडीखाली, जिन्याखाली, बंद पार्किंगमध्ये साठून राहते. कार्बुरेटरच्या पुढ्यात तापलेले सिलिंडर आणि अवतीभोवती साठ वर्षांपूर्वीच्या, आवरण तडकलेल्या वायरी. ‘जुनी आहे, गळणारच’ म्हणणारा माणूस त्याच ताटलीशेजारी उभा राहून सिगारेट ओढताना मी पाहिला आहे. टाकीच्या भोकावर साबणाची वडी घासून पन्नास किलोमीटर गाठणे हे अडचणीतले शहाणपण आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे ज्याने प्रथम हेरले त्याला माझा नमस्कार. पण त्या साबणावर सहा महिने काढणारेही आहेत आणि ते हे अभिमानाने सांगतात.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्याकडे २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झाला, २०२२मध्ये दहा टक्क्यांवर आला आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचला. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने या धोरणावर बोलताना जपून बोलावे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरची देणी साखर कारखान्यांच्या हिशेबात अडकलेली असतात आणि इथेनॉलने त्या हिशेबाला थोडा आधार दिला आहे. ते मला मान्य आहे. पण इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी तळाशी बसते आणि जस्ताच्या ओतीवाला पांढरट भुकटीसारखा थर येतो. जुन्या जातीचे रबर फुगते किंवा तडकते, टाकीच्या आतला जुना लेप सुटून जाळीत अडकतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५च्या खुलाशात काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गास्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतील, ते स्वस्त असतात व नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात, असे म्हटले होते. बुलेटचे वायसर स्वस्त आहेत, यात शंका नाही. पण ते कोणते, कुठे, आणि किती आवळायचे हे जाणणारा हात त्या दरात मिळत नाही. तो हात उद्यमनगरात सत्तरी ओलांडून बसला आहे आणि त्याच्या दुकानात शिकाऊ पोरगा नाही.

उपाय सांगितला जातो तो असा की, गाडी ठेवून देताना कॉक बंद करावा आणि वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, म्हणजे कार्बुरेटर कोरडा राहतो. बरोबर आहे. मात्र माझ्या गाडीचा कॉक जुन्या पद्धतीचा, ओढून उघडायचा, आणि आत बुचाचा. बूच ओले असेपर्यंत फुगलेले राहते आणि पेट्रोल अडवते. टाकी रिकामी ठेवली तर सुकते, आकसते, आणि पुढच्या वेळी कॉक बंद असूनही पाझरतो. (सुकलेले बूच गरम पाण्यात उकळून फुगवता येते. हेही मिस्त्रींचेच.) म्हणजे कार्बुरेटरला कोरडे हवे आणि कॉकला ओले. या दोघांचे एकाच वेळी समाधान करण्याचा एकच मार्ग मला सापडला आहे : गाडी चालवत राहणे. दर आठवड्याला नवे पेट्रोल, दर आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर.

आणि इथे नियम आडवा येतो. २०२१ सालच्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी-चारचाकी तीत बसते. अशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरासाठी नाही. हा नियम करणाऱ्यांचा हेतू वारसा जपण्याचा आहे आणि तो प्रामाणिक आहे असे मी धरून चालतो. पण त्यामागची कल्पना मेळाव्यातल्या त्या मालकाच्या कल्पनेहून फारशी वेगळी नाही. गाडी ही बघण्याची वस्तू. बघण्याच्या वस्तूखाली ताटली ठेवता येते. जिच्यावर बसून रोज सकाळी कॉलेजात जायचे तिच्याखाली ठेवता येत नाही.

माझ्या गाडीवर आजही एका जागी पेट्रोल दिसते. थंड इंजिन सुरू करताना वाटीवरचे छोटे बटण दाबून पेट्रोल मुद्दाम वर आणावे लागते. भोकातून थोडे ओघळले की समजायचे, पुरे झाले. ते चिंधीने पुसतो. ते ओघळणे त्या रचनेचाच भाग आहे. बाकी कार्बुरेटर गेली दोन वर्षे कोरडा आहे.

नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपते. मित्र म्हणतात, व्हिंटेजचा अर्ज भर, मान आहे. तो अर्ज मी छापून आणला आहे आणि तो टेबलावर खडूच्या डबीखाली पडून आहे. रविवारी सकाळी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. आल्यावर गरम इंजिनाशी बसून फ्लँजच्या कडेवरून बोट फिरवतो.